गल्लीचं नाक

सरसाच्या कारखान्याची मागची भिंत आणि गल्लीतली घरं यांच्यामध्ये एक बोळ होता. एक माणूस सरळ चालेल आणि समोरून दुसरा आला तर अंग चोरावं लागेल, एवढाच. त्या बोळात रोज सकाळी आणि संध्याकाळी एक बाई येऊन उभी राहायची, मान वर करायची, डोळे मिटायची आणि लांब श्वास घ्यायची. पाहुण्यारावळ्यांना वाटायचं, बाई प्रार्थना करतेय. प्रार्थना कसली डोंबलाची! ती तिची नोकरी होती. कंपनीने तिला वास घ्यायला ठेवलं होतं.

गल्लीत तिला सगळे नाकवाली मावशी म्हणत. तोंडावर म्हणत आणि तिला ते आवडेही, कारण नाव उगाच पडलं नव्हतं. तरुणपणी ती कुणाच्या दारातून आत येता येता सांगायची, दूध नासायच्या बेतात आहे, आत्ताच्या आत्ता तापवा. कुणाचं काय शिजतंय, कुणाचं करपतंय, कुणाचा नवरा कुठे जाऊन आलाय, हे तिला न विचारता कळायचं. या शेवटच्या कारणासाठी गल्लीतले दोनचार नवरे तिला पाहून रस्ता बदलायचे.

सरस म्हणजे लाकूड चिकटवायला, पुस्तकं बांधायला वापरतात तो. चामड्याचे उरलेसुरले तुकडे, हाडं, खुरं, असलं सगळं चुन्यात भिजत घालायचं, धुवायचं आणि मोठाल्या हंड्यांत उकळत ठेवायचं. आता हे उकळताना वास कसला सुटणार, हे सांगायला कुणी विद्वान नको. मावशीचा नवरा त्याच हंड्यांवर होता. तो घरी आला की अंघोळ होईपर्यंत त्याला उंबरठ्याच्या आत प्रवेश नसे. तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. मुलगा त्याच कारखान्यात पॅकिंगला लागला होता, हंगामी म्हणून. हंगामी म्हणजे कसं, काम रोजचं आणि नोकरी कधीचीच नाही.

फार मागे एका उन्हाळ्यात वास असा माजला की पोरांच्या पोटात अन्न ठरेना. गल्लीतल्या बायका उठल्या आणि त्यांनी कारखान्याच्या फाटकात बसकण मारली. माल आत जाईना, बाहेर येईना. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे दाबलेलं नाक गल्लीचं होतं आणि उघडलं तोंड कंपनीचं. शेवटी करार झाला. गल्लीने आपलं एक माणूस निवडायचं. त्याने रोज दोनदा भिंतीपाशी वास घ्यायचा, आणि वास सोसवेनासा असेल तर पाळीच्या मुकादमाला फोन करून दोनच शब्द बोलायचे, ‘बंद करा’. मग हंड्यांवर झाकणं पडणार, जाळ विझणार आणि वारा फिरेपर्यंत काम थांबणार. कुणी का म्हणून विचारायचं नाही. माणूस कोण निवडायचं, यावर चर्चाच झाली नाही.

सुरुवातीला मावशीने कंपनीला सळो की पळो करून सोडलं. आठवड्यातून दोनदा तरी झाकणं पडायची. नवरा तेव्हा होता. तो घरी येऊन भांडायचा, ‘‘माझ्याच हंड्यावर झाकण टाकतेस? लोक हसतात मला!’’

‘‘मग तू जरा कमी घाण करत जा,’’ मावशी म्हणायची, आणि दोघं हसायची.

पण असल्या कामाची एक गंमत असते. गल्लीवाले म्हणायचे, मावशी कंपनीचं मानधन घेते, म्हणजे कंपनीचीच. कंपनीतले म्हणायचे, बाई गल्लीची आहे, जपून बोला. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशातली गत. कामगारांचा रोज बुडाला की त्यांच्या बायका नळावर तिच्याशी बोलत नसत. वास जास्त दिवस राहिला की बाकीच्या बोलत नसत. रोज कुणी ना कुणी रुसलेलं. मावशी थकून जायची, आणि तरी दिवस कलला की बोळात जाऊन उभी राहायची.

मग एका थंडीत दोन गोष्टी एकदमच झाल्या. कंपनीने नवं उंच धुराडं बांधलं आणि त्याच आठवड्यात मावशी तापाने आडवी झाली. चांगली सडकून आडवी झाली. उठून भिंतीचा आधार घेत घेत ती पुन्हा बोळात गेली, तिने श्वास घेतला, आणि काही नाही. पुन्हा घेतला. काही नाही! स्वच्छ, कोरी हवा. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तशीच घरोघर सांगत सुटली, ‘‘केलं बाई मेल्यांनी एकदाचं! धुराड्याने काम केलं.’’

आता खरी मौज पुढे आहे. गल्लीला वास येतच होता. धुराड्याने थोडाफार कमी केला असेल, नाही असं नाही. पण नाकवाली म्हणते नाही, म्हणजे नसणार. तिच्याएवढं नाक आपल्याला कुठलं? आपल्यालाच सवयीने येत असेल, आपल्याच घराच्या भिंतींत जुना मुरलेला असेल. माणसांनी स्वतःच्या नाकाला गप्प बसवलं. कुणी जबरदस्ती केली नाही हो, आपणहून बसवलं.

एकटी शिंपीण तेवढी गप्प बसली नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याची बायको, दिवसभर दुकानात मशीनवर असायची. ती दोनतीनदा मावशीकडे आली. ‘‘मावशी, कालही होता हो. कपड्यांना लागतो. गिऱ्हाईक बोलतं.’’

‘‘अगं, वास तुझ्या डोक्यात बसलाय,’’ मावशी म्हणाली. ‘‘मी रोज दोनदा घेतेय ना! डॉक्टरला दाखव एकदा.’’

शिंप्याने खरंच तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, भास होतात काही लोकांना. त्याने गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तिला झोप यायची. एकदा मशीनवर डुलकी लागून सुई बोटातून आरपार गेली. त्यानंतर शिंपीण वासाबद्दल बोलली नाही, आणि कुणी फारच कुरकुर केली की गल्लीत म्हणायची पद्धत पडली, ‘याला शिंपिणीचं नाक लागलं.’

इकडे कंपनीचं भाग्य उजळलं. वर्षानुवर्षं एकही ‘बंद करा’ नाही! कंपनीला कसल्याशा संस्थेकडून ‘उत्तम शेजारी’ अशी ढाल मिळाली. वार्षिक अहवालात मावशीचा पानभर फोटो आला, भिंतीपाशी मान वर करून उभी असतानाचा, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘आमचे शेजारी, आमचा विश्वास’. मावशीने ते पान कापून घरात लावलं होतं. लावणार नाही तर काय!

सून आली ती यानंतर. दूरच्या मोकळ्या गावातली मुलगी. आल्या दिवसापासून खिडक्या लावून बसायची, बाहेर पडताना नाकाला रुमाल. मावशीला ते बिलकूल पसंत नव्हतं. ‘‘नाकाने कांदे सोलते नुसती,’’ असं ती लेकाला ऐकवायची. त्यात सुनेच्या हाताला चव नाही, ही दुसरी तक्रार. रोज ताटावर बसलं की, ‘‘कशाला काही चव म्हणून नाही.’’ सून बिचारी मीठ वाढवायची, मसाला वाढवायची. लेक आणि ती पाणी पीत पीत जेवायची, आणि मावशी तरी म्हणायचीच, ‘‘अळणी.’’

पुढे नात झाली. नातीच्या छातीत घरघर सुरू झाली. काही दिवस बरी, काही दिवस श्वास लागलेला.

‘‘आई, या वासाने होतं हे,’’ सून म्हणाली.

‘‘मला येत नाही तो तुला बरा येतो! इथे माझं आयुष्य गेलं, आणि तू मला शिकव.’’

मुलीला घेऊन काही महिने माहेरी जाते, एवढंच सुनेने नवऱ्याला सांगून ठेवलं. तो दोघींच्या मध्ये अडकित्त्यातल्या सुपारीसारखा झाला होता.

आणि मग ती दुपार आली. सून बाजारात गेली होती. मावशीने चहा ठेवला, नात रडली म्हणून तिला उचलायला गेली, तेवढ्यात चहा उतू जाऊन गॅस विझला. मावशीच्या ते ध्यानात आलं नाही. नात मांडीवर झोपली. सुनेच्या सवयीने खिडक्या बंदच होत्या. बऱ्याच वेळाने मावशीला चहाची आठवण झाली. भांड्याखाली जाळ नाही असं दिसलं, तेव्हा तिने पोरीला खांद्यावर घेतलं आणि काड्यापेटी हातात घेतली.

दार उघडलं आणि सून किंचाळली. हातातली पिशवी टाकून ती धावली, काड्यापेटी हिसकावली, गॅस बंद केला, पोरीला ओढून बाहेर नेलं, मग सासूला दंडाला धरून बाहेर काढलं. पुन्हा आत जाऊन तिने खिडक्या उघडल्या. आणि मग ओरडायला म्हणून वळली ती तशीच थांबली.

‘‘आई, तुम्हाला वास नाही आला? अख्खं घर भरलं होतं.’’

‘‘कसला वास?’’ मावशी म्हणाली.

घर हवेशीर झाल्यावर सुनेने तिला ओट्यापाशी बसवलं. कांदा कापून नाकाशी धरला. डोळ्यांना धारा लागल्या, वास नाही. लसूण ठेचून धरली. नाही. फिनेलची बाटली उघडली. नाही. मावशी मनातल्या मनात मागे मागे चालली होती. चव नसलेली जेवणं, शिंपीण, धुराडं, ताप. तापापाशी येऊन ती थांबली.

‘‘धुराड्याने काही केलं नाही गं,’’ ती म्हणाली. ‘‘माझं नाक गेलं होतं.’’

दुसऱ्या दिवशी मावशी कंपनीच्या संपर्क अधिकाऱ्याकडे गेली. हा अधिकारी म्हणजे कंपनीच्या वतीने गल्लीशी गोड बोलायला ठेवलेला माणूस. तरुण, सभ्य, डोळ्यांखाली काळं आलेला. त्याच्या खोलीत काचेच्या कपाटात ती ढाल होती. वाटेने मावशीने काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. खोलीत पोहोचल्यावर सगळं विसरली आणि एकदम म्हणाली, ‘‘साहेब, माझं नाक गेलंय. केव्हाचंच. तुम्ही दुसरं माणूस नेमा.’’

तो दचकला नाही. त्याने उठून दार लावलं आणि तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

‘‘मावशी, आम्हाला ठाऊक आहे.’’

‘‘काय ठाऊक आहे?’’

‘‘मागे एकदा हंड्यांवरचा मोठा पंखा बंद पडला होता. आतली माणसं ओकत बाहेर आली. मुकादम फोनपाशी उभा, आता तुमचा येईल, मग येईल. नाहीच आला. संध्याकाळी त्याने आपणहून तुम्हाला विचारलं, तर तुम्ही म्हणालात, हवा अगदी छान आहे.’’

मावशीला तो फोन आठवत होता. मुकादमाने आपुलकीने चौकशी केली, असं तिला वाटलं होतं.

‘‘मग तुम्ही काय केलंत?’’

‘‘मी वर कळवलं.’’

‘‘वरचे काय म्हणाले?’’

अधिकाऱ्याने टेबलावरचं पेन उचललं, ठेवलं. ‘‘म्हणाले, मावशींचं मानधन वाढवा.’’

मावशीला ते वाढलेलं मानधन आठवलं. तिने त्यातून नातीला पाळणा घेतला होता. मेलं माणसाने लाजावं तरी किती! इतक्या वर्षांची तिची मान वर, तिचे डोळे मिटलेले, आणि भिंतीपलीकडे सगळे तिला ओळखून होते.

‘‘तुम्हाला येतो का हो वास?’’ तिने विचारलं.

‘‘ही खोली बंद असते, मावशी. एसी आहे.’’ मग त्याने आवाज खाली आणला. ‘‘गुरुवारी सुनावणी आहे. आणखी हंड्यांसाठी नवी शेड होणार की नाही ते त्यात ठरेल. सरकारी बाई येणार, गल्लीच्या वतीने तुम्हाला विचारणार. तुम्ही आजवर सांगत आलात तेवढंच सांगा. शेड झाली की हंगामी लोकांना कायम करायचंय, तुमचा मुलगा त्यात आहे. मी धमकी देत नाही, मावशी. मला जे बोलायला लावलंय ते बोलतोय.’’

तो खोटं बोलत नव्हता, आणि त्याचाच मावशीला जास्त शीण आला. घालून पाडून बोलणारा असता तर दोन शिव्या हासडून मोकळी झाली असती.

घरी लेकाला सगळं कळल्यावर तो बराच वेळ चपला काढायच्या विसरून उभा राहिला. ‘‘आई, चार लोकांत चार शब्द बोलायचेत तुला. इतकी वर्षं बोललीसच ना? माझं वय निघून चाललंय. बाबा हंड्यांवर गेले, मी खोक्यांवर जाईन.’’

‘‘आणि पोरीचं?’’

‘‘कायम झालो की घर बदलू.’’

यात खोटं काय होतं? मावशीला एकही चूक काढता आली नाही. सून शेगडी पुसत होती. ती पुसून झाली, तिने पुन्हा पुसली.

पहाटे मावशीने सुनेला उठवलं. ‘‘चल जरा माझ्याबरोबर.’’ दोघी बोळात गेल्या. भिंतीपलीकडे हंड्यांचा रटरट आवाज येत होता. मावशी आपल्या नेहमीच्या जागेवरून सरकली आणि सुनेला तिथे उभं केलं.

‘‘घे श्वास. कसा आहे सांग.’’

सुनेने नाकावरचा रुमाल काढला, श्वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. ‘‘कुजलेल्या चामड्याचा. चुन्याचा. आणि त्याच्या खाली काहीतरी गोडसर. ते गोडच जास्त वाईट आहे.’’

मावशीने भिंतीला हात टेकला. ते गोड तिला पक्कं ठाऊक होतं. ते आलं की ती पूर्वी एक क्षण थांबत नसे, धावत फोनकडे जायची.

‘‘गोड असलं की पोरीचा श्वास लागतो?’’

‘‘हो आई. मी तेच तर सांगत होते.’’

मावशीने तिथूनच मुकादमाला फोन लावला. मुकादम तिच्या नवऱ्याच्या हाताखाली शिकलेला, तिला मानणारा.

‘‘बंद करा,’’ ती म्हणाली.

‘‘मावशी? तुम्हाला येतोय?’’

‘‘मला नाही. सुनेला येतोय.’’

‘‘करारात सुनेचं नाक नाही, मावशी,’’ तो अगदी हळू म्हणाला. ‘‘तुमचंच आहे. मी काय करू सांगा.’’

येतोय मला, असं ठोकून द्यावं असं तिच्या अगदी जिभेवर आलं. पण आता कुणाला फसवणार? तिकडे सगळ्यांना ठाऊक होतं. तिने फोन ठेवला. हंडे रटरटत राहिले, आणि दोघी घरी आल्या.

गुरुवारी कारखान्याच्या जेवणाच्या मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे सरकारी बाई, शेजारी कंपनीचे मोठे साहेब, बाजूला संपर्क अधिकारी. एका फळीवर नव्या शेडचं रंगीत चित्र, त्यात झाडंच झाडं. गल्ली झाडून आली होती. कामगारांच्या रांगेत लेक बसला होता. मागे शिंपी आणि शिंपीण. सून मुलीला घेऊन दारापाशी उभी होती.

मोठे साहेब मावशीबद्दल इतकं चांगलं बोलले की मेलेल्या माणसाबद्दलही कुणी बोलत नाही. मग सरकारी बाईने विचारलं, ‘‘बाई, गल्लीच्या वतीने तुम्ही सांगा. वासाची काही तक्रार?’’

मावशी उठली. तिने आधी लेकाकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता. तिला वाटलं, बसून घ्यावं. नाही म्हणावं आणि बसून घ्यावं, घरी जावं, आडवं पडावं. तेवढ्यात दारापाशी नात खोकली.

‘‘मला विचारू नका,’’ मावशी म्हणाली. ‘‘माझं नाक धुराडं बांधलं त्याच थंडीत तापाने गेलं. मला कांद्याचा वास येत नाही, गॅसचा येत नाही. परवा नातीला घेऊन जळून मेले असते. तेव्हापासून मी जे जे सांगितलं, त्यातलं काही धरू नका. आधी मला माहीत नव्हतं. कंपनीला माहीत होतं.’’

मोठ्या साहेबांनी संपर्क अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकारी आपल्या हातांकडे बघत होता.

खोलीत एकच गलका झाला. कुणीतरी ओरडलं, ‘‘इतकी वर्षं मानधन खाल्लंस आमच्या जिवावर!’’ दुसरा म्हणाला, ‘‘आमच्या पोरांची छाती गेली!’’ मावशी उभीच राहिली. बोलणारे काही खोटं बोलत नव्हते. सरकारी बाईने टेबलावर हात आपटला, कुणी ऐकेना.

मग मागून शिंपीण उठली. ती फार दिवसांत चार लोकांत बोलली नव्हती. तिने नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेतला होता आणि तिचा आवाज इतका बारीक होता, की तो ऐकायलाच लोक गप्प झाले.

‘‘म्हणजे मला यायचा,’’ ती म्हणाली, ‘‘तो खरा होता?’’

शिंपी तिच्याकडे बघत राहिला आणि त्याने तोंडावर हात घेतला.

‘‘मलाही येतो,’’ एक म्हातारा म्हणाला. ‘‘आमच्याकडेही येतो,’’ त्याच्यामागची बाई म्हणाली. ‘‘कालही होता. पण मावशी नाही म्हणायच्या, मग आपण कोण?’’ एकेक जण उठायला लागला. आश्चर्य म्हणजे कामगारांच्या रांगेतूनही एक हात वर झाला. तो लेकाचा नव्हता. लेक बसूनच होता.

निकाल काही लागला नाही. असले निकाल असे लागत नसतात. सरकारी बाईने सांगितलं, घरोघर जाऊन नोंद घेतली जाईल, तोवर शेड थांबेल. शेड थांबली म्हणजे कायम होणं थांबलं. त्याच आठवड्यात कंपनीने मावशीचं काम संपल्याचं कळवलं. ढाल मात्र कपाटात तशीच राहिली. मावशीने भिंतीवरचं आपलं पान काढलं. तेवढा चौकोन भिंतीवर पांढरा दिसत राहिला.

लेक जेवायला बसे आणि आईशी न बोलता उठे. सून रविवारी मुलीला घेऊन माहेरी गेली. जाताना वाकून मावशीच्या खांद्याला धरलं आणि म्हणाली, ‘‘कायमची नाही जात, आई. वारा फिरेपर्यंत.’’ मावशीने नातीचा गाल कुरवाळला. नाक असतं तर त्या गालाला दुधाचा वास आला असता, असं तिला वाटलं. या पोरीचा वास तिने कधीच घेतला नव्हता. मुलीचा जन्मच तिचं नाक गेल्यानंतरचा.

संध्याकाळी सवयीने पाय बोळाकडे वळले. तिथे जाऊन काय करायचं ते तिला कळेना, म्हणून ती दाराच्या पायरीवरच बसली. गल्लीतून जाणारे येणारे तिच्याकडे न बघता जात होते. मग समोरून शिंपीण आली. मावशीला वाटलं, हीही जाईल. ती आली आणि समोर उभी राहिली.

‘‘इतकी वर्षं गोळ्या खाल्ल्या मी, मावशी,’’ ती म्हणाली. ‘‘मला वाटायचं, मला वेड लागतंय. माझ्या पोरांनाही तसंच वाटायचं.’’

‘‘मार बाई मला,’’ मावशी म्हणाली. ‘‘चार लोकांत मार.’’

‘‘मारून काय करू?’’ शिंपीण म्हणाली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि ती पायरीच्या दुसऱ्या टोकाला, अंतर ठेवून बसली. भिंतीवरून वारा आला आणि मावशीच्या कपाळावरचे केस हलले. तिने मान वर केली, डोळे मिटले, आणि मग तिला आठवलं. तिने डोळे उघडून शिंपिणीकडे पाहिलं.

‘‘येतोय का गं?’’

इतक्या वर्षांत शिंपिणीला हे कुणी विचारलं नव्हतं. तिने लांब श्वास घेतला, तिचे डोळे भरले, आणि ती म्हणाली, ‘‘येतोय.’’

‘‘गोड?’’

‘‘हो. खाली गोड.’’

मावशीने कमरेला खोचलेला आपला धुतलेला रुमाल काढला. वासासाठी म्हणून रोज जवळ ठेवायची, आणि कधी लागत नसे. तिने तो पायरीवरून शिंपिणीकडे सरकवला. शिंपिणीने तो घेतला आणि नाकाला लावला.